दाजींच्या नावाचं रक्त

बहिणीला, कुसुमला, मुलगी झाली त्या वर्षी नारबा आणि त्याचे दाजी एकाच व्यसनमुक्ती केंद्रात होते.

"नशेची सुई टोचून घेणाऱ्यांनी एचआयव्ही तपासून घ्या. निघालाच तर फुकट गोळ्या आहेत, माणूस जगतो," समुपदेशक बाई म्हणाल्या.

दाजींनी घाबरून नारबाला बाजूला ओढलं. "नारबा, तू नुसता दारुडा. माझ्या नावावर रक्त दे."

"दारुड्याचा कधी नव्हे तो उपयोग झाला म्हणायचा!" नारबा हसला. लघवीच्या बाटल्या बदलून तपासणी चुकवायची तिथे सगळ्यांनाच सवय होती. दाजींचं नाव पुकारलं, तशी त्याने बाही सारली.

चांगला आलेला अहवाल कुसुमने हळदकुंकू वाहून देवापाशी ठेवला. तिचा हसरा चेहरा बघून खरं सांगायला नारबाची जीभ रेटेना.

चौथ्या वर्षी शिमग्यात दाजी एचआयव्हीने गेले. त्याच आजाराने पुढच्या आषाढात कुसुम गेली.