घोड्याला दिलेली समज

शेवटी घोडा खच्ची झाला. पण असं काही या घरात घडलेलंच नाही, असं सर्वानुमते ठरलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर घोडा अगदी धडधाकट होता आणि सूनबाई तबेल्याच्या दारात बादली घेऊन उभी होती. बादलीत बघायची तिची इच्छा नव्हती. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बघायला लावलं. कपाळ घुमटासारखं फुगलेलं, खालचा जबडा पुढे आलेला, पाय भलतीकडेच वळलेले. शिंगरू होतं. जन्माला यायच्या आधीच मेलेलं. वास असा, की सूनबाईला स्वतःच्या केसांचीही किळस आली.

आत घोडी आडवी पडून धापा टाकत होती. बुटक्या जातीची, उभी राहिली तरी कमरेला लागायची. पलीकडे शिंगराचा बाप निवांत गवत चघळत होता. तो घोडीचा मुलगाही होता.

"दोघांना एकत्र ठेवलंत?" डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत हात धुता धुता विचारलं.

"अहो, सख्खी आई आहे ती त्याची!" सासरे म्हणाले. "आम्हांला काय स्वप्न पडलं होतं?"

सासरे सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झाले होते. साहेबकी मात्र निवृत्त झाली नव्हती. हौसेनं घोडी घेतली तेव्हा हा घोडा तिच्या अंगावर पिणारं शिंगरू होता. मायलेकरांची ताटातूट नको म्हणून दोघांना एकाच कप्प्यात ठेवलं आणि पुढे तसंच राहू दिलं. ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पाहुणे डोळे पुसत. आता ते डोळे सूनबाईला आठवायलाही नको होते.

"घोडी लवकरच पुन्हा माजावर येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला अशीच अडली तर हातची जाईल. दोघांच्याही रक्तात खोट आहे. त्यांची वेल इथेच थांबवा. याला खच्ची करा."

'खच्ची' शब्द ऐकताच सूनबाईच्या नवऱ्यानं पायावर पाय टाकला. तो उभा होता, त्यामुळे भिंतीवर आदळला.

"गरज नाही," सासरे म्हणाले. "मी समज दिली आहे."

"कोणाला?"

"घोड्याला. समोर उभं केलं आणि विचारलं, लाज वाटते का? त्यानं मान खाली घातली."

"गवत खाली होतं, बाबा," सूनबाई म्हणाली.

"पहिल्या चुकीला कोणी बडतर्फ करत नाही, सूनबाई. एक शिंगरू बिघडलं म्हणून वंश बुडवायचा? लोकांना जितकं बुटकं तितकं आवडतं." त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. "हेही तसं बुटकंच होतं."

सूनबाईनं बादली त्यांच्या हातात दिली.

"वंश तुमचा, तर खड्डाही तुम्हीच खणा."

सासऱ्यांनी बादली नवऱ्याकडे सरकवली. नवऱ्यानं ती भिंतीकडे सरकवली. भिंतीनं काहीच हालचाल केली नाही. शेवटी खड्डा सूनबाईनंच खणला. माती ओढताना तिचा विचार पक्का झाला. त्याच संध्याकाळी तिनं घोड्याला घोडीपासून तोडून परसातल्या खोलीत बांधलं. दुसऱ्या दिवशी सासरे लेकीकडे मुक्कामाला गेले. त्यांची रिक्षा वळली तशी तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

भूल घोड्याला दिली, पडला नवरा.

"लगेच सोडू नका हं याला घोडीजवळ," जाताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुकान बंद झालं तरी गोदामात काही दिवस माल असतो."

सूनबाईनं मान डोलावली.

सासरे लेकीकडे चांगले रमले. दोन महिन्यांनी परतले, तेव्हा घोडा आणि घोडी एकाच कुरणात शेजारी शेजारी चरत होती. घोड्यानं आईकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बघा!" सासऱ्यांनी छाती फुगवली. "याला म्हणतात समज!"

मग ते त्याच्या पाठीवर थाप मारायला गेले. घोडा बुटका, त्यामुळे वाकावं लागलं. वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. नवऱ्यानं आभाळात एक ढग शोधला आणि त्याच्याकडे मन लावून बघत राहिला.

"असं काही या घरात घडलेलं नाही," सासरे सरळ होत म्हणाले. सर्वांनी माना डोलावल्या.

डॉक्टरीणबाई घोडी तपासायला आल्या. घोडी गाभण नव्हती. अंगावर चांगली तकाकी आली होती. सूनबाईच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सासरे कोट घालून बाहेर आले. त्यांनी वरचं बटण लावलं, घसा साफ केला आणि डॉक्टरीणबाईंसमोर ताठ उभं राहून म्हणाले,

"सदर घोड्यानं आमच्या गैरहजेरीत परस्पर स्वेच्छानिवृत्ती घेतली असून, ती रद्द समजून त्यास मागील तारखेपासून, सर्व साहित्यासह, सेवेत रुजू करून घेण्यात यावं, ही विनंती."