बकेटमधली झोप

पळसदरीला आमच्या अंगणात जो ट्रॅक्टर उभा आहे, तो थोरल्याच्या बारशाच्या वर्षी आला. आता त्याच्या पुढच्या, माती उचलायच्या लोडरची बकेट वर उचलून ठेवली, की तेल झिरपून ती हळूहळू खाली येते. आमच्या ह्यांना ते फार सोयीचं. जेवण झालं की बकेटमध्ये गोधडी पसरून बसतात आणि मी दांडा ओढून त्यांना वर चढवते. वारा खात घोरतात आणि नेमके माझ्या मालिकेच्या वेळी खाली पोचून रिमोट बळकावतात.

काल हे ठाकुरवाडीला साखरपुड्याला गेले, तेव्हा खालापूरचा फिटर बोलावून मी बकेटच्या तेलाचं गळकं सील गुपचूप बदलून घेतलं.

आज मालिका सुरू झाली आणि अंगणातून हाक आली, "अगं, ही खाली येत नाय. दांडा ढकल की."

 

"आले हो. जाहिराती लागू देत."