उणे सहा

डोंगरापुढे सगळी माणसे सारखी असतात. शिबिर भरवणाऱ्या संस्थेच्या ताईंनी हे बसमधल्या माइकवरून सांगितले आणि लगेच माणसांत फरक करण्यासाठी कागद वाटले. प्रश्न एकच होता : ‘डोंगराबद्दल मला किती कळते? शून्य ते दहा गुण द्या.’ एक कागद चढण्याआधी भरायचा, दुसरा उतरल्यावर. परत येताना दोन्ही एकत्र द्यायचे. ज्याची प्रगती सर्वांत जास्त, त्याला महिनाभराच्या गिर्यारोहण प्रशिक्षणाची जागा आणि पुढे तिथेच नोकरी. जागा एक होती आणि बसमध्ये मुलेमुली एकतीस. डोंगर सगळ्यांनी पाहिला होता, पण कॅलेंडरवर.

लिफ्टला ती जागा हवी होती. तिच्या इमारतीतली खरी लिफ्ट सहा वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून आठ मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांची औषधे, पाण्याचे कॅन आणि एकदा अख्खे शिलाई मशीन हिनेच वर नेले होते, म्हणून हे नाव. जागा मिळाली नाही, तर एक तारखेपासून बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागायचे, असे आईने ठरवून टाकले होते.

लिफ्टने कागदावर ‘१०’ लिहिले. दिवसातून पाच वेळा आठ मजले म्हणजे डोंगर नाही तर काय?

शेजारच्या मावसबहिणीने डोकावून कपाळाला हात लावला. “अगं येडे, आधी शून्य लिहायचं. डॉक्टरकडे गेल्यावर आधी कण्हतेस ना?”

“पण मला येतं चढायला.”

“येतं, तर मग आलीस कशाला?” असे म्हणून मावसबहिणीने आपल्या कागदावर एक गोल गरगरीत शून्य काढले.

चढ सुरू झाला. श्वास कसा वाचवावा, हे समजावता समजावता ताईंचा श्वास पहिल्याच वळणावर संपला. मावसबहिणीला थोड्या वर एक सपाट खडक सापडला. तिने तिथेच बसून वेगवेगळ्या बाजूंनी स्वतःचे फोटो काढले. लिफ्ट मात्र पुढे होती, थेट म्हाताऱ्या वाटाड्याच्या मागे.

तासभर तिला दहापैकी दहा वाटत राहिले. मग वाळलेल्या गवताखालचा दगड सरकला आणि ती बसकण मारून खाली आली. जिन्याच्या पायऱ्या सगळ्या एका मापाच्या असतात. इथे एक पाऊल दुसऱ्यासारखे नव्हते.

“अख्खा पाय टेकव,” वाटाड्या मागे न बघता म्हणाला.

पुढे दोन वाटा फुटल्या. त्याने विचारले, “आता कुठून?”

तिने रुंद वाट दाखवली. तो तिला तिकडे घेऊन गेला. वीस पावलांवर वाट संपली. खाली नुसती हवा होती.

“ही गुरांची वाट, पोरी. गुरं कड्यापर्यंत चरतात आणि मागं फिरतात. माणसंच फिरत नाहीत.”

पुढच्या फाट्यावर त्याने पुन्हा विचारले. लिफ्टने दोन्हीकडे पाहिले. “माहीत नाही, आजोबा.”

“मग बसू,” तो म्हणाला आणि खरोखरच बसला.

दोघे बराच वेळ बसून राहिले. शेवटी तिला दिसले की एका वाटेवरचे दगड वर्षानुवर्षांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेत. तिने बोट दाखवले. तो उठून त्याच वाटेने चालू लागला.

उतरताना तिच्या मांड्या लटलटत होत्या. घरी जिना उतरताना हात रिकामे असतात, त्यामुळे उतरणे हे काम आहे हेच तिला ठाऊक नव्हते.

बसमध्ये दुसरा कागद आला. मावसबहिणीने स्वतःच्या कागदावर दहा लिहून लिफ्टला कोपर मारले. “पहिला कागद अजून तुझ्याकडेच आहे ना? दहातला एक खोड. शून्य उरतं. इथं दहा लिही. झालं!”

लिफ्टने पहिला कागद काढला. एक बारीक रेघ, तेवढीच खोडायची होती. तिने पेनाचे टोक त्या एकावर टेकवले. मग उचलले.

“सकाळी मला खरंच दहा वाटत होतं गं.”

“मग?”

“मग काय. ते दहा नव्हतं, हेच तर आज कळलं.”

दुसऱ्या कागदावर तिने ‘४’ लिहिला आणि दोन्ही कागद ताईंच्या हातात दिले.

आठवड्याने निकाल लागला. मावसबहिणीची प्रगती अधिक दहा. जागा तिला मिळाली. लिफ्टची प्रगती उणे सहा. तिच्या नावापुढे शेरा होता : ‘शिबिराचा प्रतिकूल परिणाम. समुपदेशन आवश्यक.’ समुपदेशनाची तारीख कारखान्याच्या पाळीत आली, त्यामुळे तेही राहून गेले.

कागद मोजताना दोन जास्त भरले. ताईंनी शिस्त म्हणून वाटाड्यालाही ते दिले होते. त्याच डोंगरावर चाळीस वर्षे चालून त्याने दोन्ही कागदांवर ‘३’ लिहिला होता.

संस्थेने वाटाड्या बदलला.