जाड ऑइल

करूळ घाटाच्या तिसऱ्याच वळणावर गाडीचा दम संपला. नयनाने पहिला गिअर टाकला. मागच्या सीटवर तिचे आप्पा छाती दाबून आडवे झाले होते आणि कोल्हापूरचं हॉस्पिटल अजून दीड तासावर होतं.

तिने एसी बंद केला, तरी छोटं इंजिन नुसतंच घुमत राहिलं. दोष कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. चढणीला हे इंजिन व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलून ताकद काढतं, आणि ती वेळ बदलते केसासारख्या बारीक वाटांतून जाणाऱ्या ऑइलच्या दाबावर. गाडीच्या पुस्तकात पातळ ऑइल लिहिलंय, असं ती काल घसा फोडून सांगत होती. "असलं पाणी माझ्या लेकीच्या गाडीत नाही घालणार," म्हणत आप्पांनी जाड ऑइल ओतलं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसापुढे ती काय बोलणार?

मागून ट्रकने हॉर्न मारला.

"रेस सोडू नकोस," आप्पा पुटपुटले. "आत्ताच तर निघालोय, ऑइल अजून तापलं नाही. तापलं की पातळ होईल, मग ओढेल."

तिने रेस दाबून धरली. इंजिन किंचाळत राहिलं, आणि दोन वळणांनंतर गाडीने एकदम पिकअप घेतला. नयनाने श्वास सोडला.

"तुझंच बरोबर होतं, बाय," आप्पा म्हणाले. "माझं चुकलं."

हे शब्द तिने त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. तिने आरशात पाहिलं. आता मात्र ती खरी घाबरली.