डावा हात

“नातीसाठी हवाय. शिकेल, कार्यक्रमातही वाजवेल. फार महाग नको,” सोहोनी मास्तर चाचरत म्हणाले. डावा खांदा आखडल्यापासून त्यांना पेटीचा भाता ओढवेना. भजनी मंडळातली जागाही सुटली होती. पण या वयात स्वतःसाठी सिंथेसायझर मागायला जीभ रेटेना.

दुकानातल्या मुलीने दोन दाखवले. महागड्यात शंभर ठेके तयार होते. स्वस्तातला अगदी साधा. फक्त डाव्या बाजूला एक चाक होतं.

“वाजवून बघा ना, आजोबा!”

मास्तरांनी स्वस्तातल्यावर यमन सुरू केला आणि ते दुकान विसरले. तेवढ्यात मुलगी हसली. “अहो आजोबा, याला भाता नसतो!”

त्यांचा डावा हात सवयीने वाद्याच्या मागे हवेत हलत होता. मास्तर ओशाळले.

“त्या हाताला इथे काम आहे,” म्हणत तिने त्यांची बोटं चाकावर ठेवली. त्यांनी चाक जरासं फिरवलं. गंधार ओघळत ऋषभावर आला. चाळीस वर्षं पेटीवर कधीच न निघालेली मींड!

“हाच द्या.”

“बिल नातीच्या नावाने करू ना?”

“माझ्याच नावाने करा,” चाकावरचा हात न काढता मास्तर म्हणाले. “मला नात नाहीये.”