धोंडाईचं ताक

‘धोंडाईचं ताक’ म्हणजे गुंगी आणणारं पेय, हे चोरांच्या बोलीतलं नाव हवालदार वैजयंतीला ठाऊक होतं. पण कोठडीतल्या म्हाताऱ्या दरोडेखोराने ते उच्चारताना, उस्तादाचं नाव घेताना लावतात तसा, कानाच्या पाळीला हात लावला.

“कोण ही धोंडाई? तुमच्यातलीच?” तिने विचारलं.

“छे. एकटी बाई. भर दुपारी आम्ही सातजण तिच्या घरात घुसलो. ‘उन्हातून आलात, ताक घ्या,’ म्हणाली. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले; आम्ही जागे झालो ते बेड्यांतच.”

वैजयंतीने चहाचा पेला गजांतून आत सरकवला. म्हातारा त्याकडे नुसता बघत राहिला.

“संशय येतोय? आधी मी घोट घेते.”

“धोंडाईही आमच्याआधी प्यायली होती, मॅडम. अख्खा तांब्या. आम्ही दुसऱ्या दिवशी उठलो, ती चौथ्या.”

वैजयंतीचा हात आपसूक कानाकडे गेला.