थरथर

कार्ड फटीत अर्धं गेलं आणि थरथरायला लागलं.

घड्याळजींनी ते चिमटीत आणखी घट्ट धरलं. जन्मभर याच चिमटीने त्यांनी केसाएवढ्या कमानी जागच्या जागी बसवल्या होत्या, आणि आता एवढंसं कार्ड त्यांना जुमानेना. जितकं दाबून धरावं तितकं ते जास्तच फडफडायचं. शेवटी मशीनने ते बाहेर ढकललं.

एटीएमच्या काचेच्या खोलीत गारवा होता. दुपारचं ऊन काचेतून मऊ होऊन आत येत होतं. बाहेरची माणसं पाण्यातून चालल्यासारखी, आवाज न करता जात होती. फटीभोवतीचा हिरवा दिवा सावकाश उजळायचा, सावकाश मिटायचा. दुकानात बसल्या बसल्या आपला डोळा लागला असावा, असं घड्याळजींना वाटलं. तसं असेल तर बरंच, जाग आली की हातही बरा झालेला असेल.

पण काचेबाहेर लेक उभी होती आणि ती चांगली खरी होती. सहीने त्यांना केव्हाच दगा दिला होता. बँकेतल्या बाई जुनी सही आणि नवी सही शेजारी धरून नुसती मान हलवायच्या. उरलं होतं ते हे कार्ड. 'आज तुम्हाला जमलं तर ठेवा तुमच्याकडे. नाहीतर यापुढे पैसे मी काढत जाईन,' असं लेकीने निघताना सांगितलं होतं. मायेनेच सांगितलं होतं, म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती. उद्यापासून साध्या चहालाही लेकीपुढे हात पसरायचा!

त्यांनी पुन्हा कार्ड लावलं. पुन्हा तीच थरथर, पुन्हा कार्ड बाहेर.

दार ढकलून लेक आत आली. "राहू द्या, बाबा. द्या इकडे."

त्यांनी कार्ड पुढे केलंसुद्धा. तेवढ्यात कोपऱ्यात स्टुलावर चढून कॅमेरा पुसणारी बँकेची मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्याला धरून का ठेवताय? सोडून द्या ना."

"सोडून कसं देऊ? हात थरथरतोय माझा."

"हात नाही हो, मशीन थरथरतंय. सकाळीच बसवलंय नवीन." ती खाली उतरली. "चोर या फटीवर खोटी फट चिकटवतात. कार्ड सरळ सरकत गेलं की त्यावरचं सगळं वाचून घेतात. म्हणून हे कार्डाला हिसके देत आत घेतं. असं थरथरलं की चोराच्या हाती काही म्हणजे काही लागत नाही."

लेकीचा विश्वास बसेना. तिने पर्समधून आपलं कार्ड काढून लावलं. ते तिच्या बोटांत असं काही फडफडलं की, "अगं बाई!" म्हणत तिने हातच मागे घेतला.

घड्याळजी मनापासून हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

"पण बाबा," लेक हळूच म्हणाली, "हात तुमचाही थरथरतोच."

"थरथरतो की! मी कुठे नाही म्हणतोय?"

तिचं कार्ड परत आल्यावर त्यांनी आपलं लावलं आणि चिमूट सोडली. कार्ड थरथरत थरथरत गेलं, थेट आत. मशीनने पिन मागितला. बँकेची मुलगी केव्हाच पाठमोरी झाली होती. घड्याळजींनी डावा तळवा आकड्यांवर आडवा धरला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, लेक अजून खांद्याशीच उभी आहे.

"तोंड तिकडे कर," ते म्हणाले.

लेकीने मुकाट्याने रस्त्याकडे तोंड केलं.